गोळी गेल्यानंतरचा धक्का

नळीतून गोळी बाहेर पडते त्या क्षणापर्यंत रायफल फक्त अर्धा मिलिमीटर मागे सरकलेली असते. गोळी सुटते, रायफल खांद्यावर आदळते, असं आपण एका दमात म्हणतो. पण या दोन गोष्टींच्या मधे पुष्कळ काही घडतं. आपल्याला धक्का जाणवतो तेव्हा गोळी कधीचीच निघून गेलेली असते. त्या धक्क्याचा एक मोठा वाटा तर गोळीचा नसतोच, तो तिच्या मागून सुटलेल्या वायूचा असतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावी हा विषय पुस्तकातला राहत नाही. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला धानाची बांधी आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. जिल्ह्याच्या नावापुढे कित्येक वर्षं ‘नक्षलग्रस्त’ हा शब्द लागत आला, आणि इथल्या घराघरांतली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळत आली. १,६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक या चाचण्या त्यांना पाठ असतात. निवड झाली की प्रशिक्षणात चांदमारीचा दिवस येतो. उस्ताद ओरडून सांगतात, दस्ता खांद्यात घट्ट रोव, गाल चिकटव, श्वास रोख. तेवढ्याने खांदा सांभाळला जातो. माझा जीव अडकतो तो त्या पोरांच्या कानांत. खांदा आणि कान यांचा जमाखर्च एकाच वहीत कसा मांडलेला असतो, ते आकड्यांनी नीट दिसतं.

सुरुवात ओळखीच्या गोळाफेकीपासून करू. भरतीतला लोखंडी गोळा ७.२६० किलोचा. तो साडेआठ मीटर टाकायचा तर हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला साधारण आठ मीटर लागतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तो इथे साठच्या घरात जातो. आता इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी पाहा. वजन ४ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर, संवेग फक्त ३.६. मागून सुटणारा वायू धरला तरी बेरीज पावणेसहाच्या आसपास राहते. म्हणजे गोळा फेकताना पोरगा जो धक्का सोसतो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच धक्का रायफल देते. फरक आहे तो वेळेचा. गोळ्याला वेग द्यायला हाताला सेकंदाचा काही हिस्सा मिळतो. रायफलीतली गोळी नळीचा जेमतेम हातभर प्रवास, ४६४ मिलिमीटर, सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात उरकते.

या हजाराव्या भागात काय चालतं? काडतुसात सुमारे १.७ ग्रॅम बारूद असते. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता, आणि त्या भंडाऱ्याच्या जवाहरनगरमध्ये नायट्रोसेल्युलोज आणि तोफा-बंदुकांची प्रणोदकं बनवणारी आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथल्या स्फोटात ८ जण गेले. हे रसायन हाताळणं म्हणजे काय, ते या भागातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. काडतुसं भरली जातात ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. आणि इन्सासचा आराखडा झाला पुण्यात, पाषाणच्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेत. गोळीचा हा सगळा वंशवृक्ष महाराष्ट्रातून असा फिरून येतो.

त्या १.७ ग्रॅम बारुदीचा वायू थंड होऊन मोकळ्या हवेत पसरला तर दीड लिटरहून जास्त जागा घेईल. रायफलीत त्याला मिळणारी जागा, पुंगळी आणि नळी मिळून, जेमतेम १३ मिलिलिटर. शिवाय तो थंड नसतो. ज्वलनाचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आगेमागे असतं. दाब वाढत जाऊन हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्याही पुढे जातो. गोळीच्या बुडाचं क्षेत्रफळ २५ वर्ग मिलिमीटरही नाही, तरी शिखराच्या क्षणी त्यावर पडणारा रेटा जवळपास एक टन वजनाएवढा असतो. गोळीचा सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ८० ते ९० हजार पट होतो. नळीच्या आतल्या आट्यांमुळे ती १८ ते २० सेंटिमीटरला एक फेरा घेते, म्हणजे बाहेर पडताना सेकंदाला साडेचार ते पाच हजार फेरे. एका मिनिटाच्या हिशेबात हा आकडा तीन लाखांच्या जवळ पोचतो.

नळीच्या तोंडाशी गोळी पोचते तेव्हाही वायू थकलेला नसतो. गोळीचं बूच निघतं तेव्हा मागे हवेच्या काहीशे पट दाब शिल्लक असतो. तो वायू गोळीला मागे टाकून पुढे धावतो, काही सेंटिमीटर गोळी त्याच्या लोटातूनच जाते. बारुदीत साठवलेली एकूण ऊर्जा सहा-साडेसहा हजार जूल. गोळी त्यातली जेमतेम चौथाई, सुमारे १,६०० जूल, घेऊन जाते. बरीचशी नळीच्या पोलादात उष्णता होऊन मुरते. उरलेली वायूबरोबर बाहेर पडते, आणि ती गोळीच्या ऊर्जेपेक्षा कमी नसते. खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा किती? भरलेली रायफल साडेचार किलोची धरली तर साडेतीन-पावणेचार जूल. एक किलो वजन ३७ सेंटिमीटर उचलण्याएवढी. ज्याला आपण ‘झटका’ म्हणून एवढं घाबरतो तो या सगळ्या उलाढालीतल्या पावणेदोन हजार भागांतला जेमतेम एक भाग!

धक्क्याची फोड केली की खरी गंमत कळते. पावणेसहाच्या संवेगात ३.६ गोळीचे. उरलेले दोनच्या आसपास वायूचे, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडं जास्तच. या दोनांपैकी काही भाग गोळी नळीत असतानाच रायफलीला मिळून जातो, कारण गोळीमागचा वायूही पुढे सरकत असतो. सुमारे १.३ एवढा भाग मात्र गोळी निघून गेल्यावरचा आहे. नळीचं उघडं तोंड त्या क्षणी अक्षरशः अग्निबाणाच्या इंजिनासारखं काम करतं. वायू पुढे, रायफल मागे.

गोळीच्या वाट्याला हात लावता येत नाही. तिला पुढेच पाठवायचं आहे, आणि तेवढ्या संवेगाची किंमत खांद्याला मोजावीच लागते. वायूला मात्र पुढेच गेलं पाहिजे अशी सक्ती नाही. नळीच्या तोंडावर बसवलेली सगळी साधनं या एका मोकळीकीवर उभी आहेत.

मझल ब्रेक हे त्यातलं सगळ्यात धीट साधन. नळीच्या तोंडापुढे पोकळ कप्पे, त्यांना बाजूला उघडणाऱ्या खिडक्या, आणि आत वायूला अडवणाऱ्या भिंती. वायू भिंतीवर आदळतो तेव्हा रायफलीला पुढे ओढतो आणि स्वतः बाजूला फेकला जातो. समजा, गोळीनंतरचा सगळा वायू असा अगदी काटकोनात वळवता आला. संवेगातून १.३ वजा होतील, म्हणजे २३ टक्के कपात. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर चालते. ०.७७ चा वर्ग ०.५९ येतो. संवेग एक चतुर्थांशाहूनही कमी घटला, पण धक्क्याची ऊर्जा चाळीस टक्क्यांनी खाली आली. याच वर्गाच्या नियमामुळे मूठभर आकाराचा धातूचा तुकडा एवढा परिणाम करू शकतो. प्रत्यक्षात थोडा वायू गोळीच्या भोकातून पुढे निसटतो, आणि उलट खिडक्या मागे कलत्या ठेवल्या तर वायू मागे फेकून जास्तही कमावता येतं.

कॉम्पेन्सेटर त्याहून साधा. खांदा नळीच्या रेषेच्या खाली असतो, म्हणून धक्का आला की तोंड वर उचललं जातं. वायूचा एक झोत वरच्या अंगाला सोडला की तो तोंडाला खाली दाबतो. १९५९ च्या रशियन एकेएम रायफलीच्या टोकाला कलमासारखा तिरका कापलेला तुकडा दिसतो तो यासाठीच. एकामागून एक गोळ्या सुटतात तेव्हा याची किंमत कळते. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला दहा, इन्सासच्या काडतुसाचा सरासरी रेटा सहा किलो वजनाएवढा पडतो. सहा किलो सतत मागे ढकलत असताना तोंड वर न जाऊ देणं हे हातांचं काम नव्हे. इन्सासला तीन-तीन गोळ्यांचे टप्पे दिले गेले त्यामागे हाच विचार होता.

फ्लॅश हायडरचा धक्क्याशी फारसा संबंध नाही. बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर असतात, म्हणजे तो अजून जळण्याजोगा असतो. हवेतला ऑक्सिजन मिसळला की तो पुन्हा पेट घेतो आणि रात्रीच्या जंगलात जाळाचा गोळा उठतो. त्याने शत्रूला जागा कळते आणि नेमबाजाचे स्वतःचे डोळे दिपतात. टोकाच्या फटींमुळे वायूच्या लोटातली धक्कालहरींची घडी मोडते आणि हा दुसरा भडका टळतो. इन्सासच्या टोकाला असा फ्लॅश हायडर आहे. त्यावर रायफल-ग्रेनेडही बसवता येतो.

जुन्या हवालदारांना ५.५६ चा धक्का किरकोळ वाटतो, आणि आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. त्यांची थ्री नॉट थ्री ११.३ ग्रॅमची गोळी साडेसातशे मीटरच्या आसपास वेगाने फेकायची. चार किलोच्या त्या रायफलीचा धक्का पंधरा जूलच्या वर, इन्सासच्या चौपट. नंतरची एसएलआर ७.६२ मिलिमीटरची. गोळी साडेनऊ ग्रॅम, वेग ८४० मीटर, पण रायफल भरल्यावर पाच किलोच्या घरात जायची म्हणून धक्का तेरा-चौदा जूलवर राहायचा. वजन हेच तेव्हाचं सगळ्यात खात्रीचं धक्काशोषक होतं. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या त्याच संस्थेत ‘उग्रम’ रायफल दाखवली गेली. काडतूस एसएलआरचंच, वजन मात्र चार किलोच्या आत. वजन उतरवलं की धक्का चढतो, हे गणित कुणालाच चुकवता येत नाही. त्यामुळे हलक्या रायफलीवर नळीच्या टोकाच्या साधनाचा भार वाढतो.

त्याच मापाने वर चढत गेलो तर आकडे झपाट्याने फुगतात. तिरुचिरापल्लीला बनणाऱ्या ‘विध्वंसक’ रायफलीचा एक अवतार १४.५ मिलिमीटरचा आहे. गोळी सुमारे ६४ ग्रॅमची, वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास. इन्सासच्या गोळीच्या १७-१८ पट संवेग आणि वीस पट ऊर्जा. मझल ब्रेकशिवाय अशी रायफल माणसाच्या खांद्याला लावणं शक्यच नाही. पाषाणच्याच संस्थेने घडवलेली १५५ मिलिमीटरची एटॅग्ज तोफ ४५ किलोच्या आसपासचा गोळा सेकंदाला ९०० मीटरच्या मापाने फेकते असं धरलं, तर त्याचा संवेग इन्सासच्या गोळीच्या अकरा हजार पट होतो. मार्च २०२५ मध्ये सैन्यासाठी अशा ३०७ तोफांचा करार झाला. तिच्या नळीच्या तोंडावरही मझल ब्रेक आहे. तत्त्व तेच, फक्त भिंती जाड.

उलट्या टोकाला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी त्याने कांस्य जिंकलं. या प्रकारात भारताचं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. त्याची .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या पुढेमागे, आवाजाच्या वेगाहून थोडी हळू जाणारी. रायफल आठ किलोपर्यंतची. धक्क्याची ऊर्जा जूलच्या दहाव्या भागालाही पोचत नाही. पण ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. एक मीटर लांबीच्या रायफलीचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने हललं की नेम मध्यापासून थेट त्या वर्तुळाच्या कडेला जातो. गोळी नळीत असताना रायफल जी पाव मिलिमीटर मागे सरकते ती दर वेळी अगदी तशीच सरकली पाहिजे. वर्षानुवर्षं एकाच आसनात शरीर बसवायचं ते या पाव मिलिमीटरसाठी.

आता कान. मला खरं बोलायचं आहे ते याच्यावर.

मझल ब्रेक वायूला नाहीसा करत नाही. जो वायू पुढे जाणार होता तो आता बाजूला आणि थोडा मागे येतो, आणि मागे नेमबाजाचं डोकं असतं. खांद्याच्या खात्यातून वजा केलेली रक्कम अशी कानांच्या खात्यावर चढते. ५.५६ च्या रायफलीचा आवाज, नेमबाजाच्या कानापाशी मोजला, तर शिखर १५५ ते १६० डेसिबलपर्यंत जातं. डेसिबलचं माप फसवं आहे, कारण २० डेसिबल वाढले की दाब दहापट होतो. समोरासमोरच्या गप्पा ६० डेसिबलच्या. १६० म्हणजे त्यांच्या एक लाख पट दाब. माणसाला ऐकू येणाऱ्या अगदी बारीक आवाजाशी तुलना केली तर दहा कोटी पट. ब्रेक लावला की कानापाशी पाच ते दहा डेसिबल वाढू शकतात. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण सहा डेसिबल म्हणजे दाब दुप्पट, आणि दहा म्हणजे तिपटीहून जास्त.

सुरक्षेची रेष कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी प्रौढांना १४० डेसिबल आणि लहान मुलांना १२० ही मर्यादा सुचवली. आपल्याकडे चार मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखराहून मोठा आवाज करणारे फटाके बनवायला आणि विकायला बंदी आहे. दिवाळीतला जो फटाका कायद्याने बेकायदेशीर ठरतो त्याच्याहून रायफल नेमबाजाच्या कानापाशी दाबाच्या मापाने पाचपट मोठी वाजू शकते.

शरीराने कानाला एक पहारा दिलेला आहे. मोठा आवाज झाला की मध्यकर्णातला इवलासा स्नायू आवळतो आणि आत जाणारा आवाज थोडा रोखतो. त्याला पूर्ण आवळायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. नळीच्या स्फोटाची दाबाची लाट अर्ध्या हजाराव्या भागात कानावरून निघूनही जाते. पहारेकरी दोनशे पट उशिरा पोचतो. तोवर गोळी ऐंशीहून जास्त मीटर पार गेलेली असते.

आतल्या कानात प्रत्येक बाजूला सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. जन्मभराचा साठा एवढाच. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बंदुकीच्या आवाजाने पहिली झीज होते ती ४,००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे माणूस बहिरा झालाय असं सुरुवातीला कुणालाच वाटत नाही. त्याला आवाज येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशी बारीक अक्षरं गळतात. बायको काय म्हणाली ते ऐकू येतं, पण कळत नाही. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो, म्हणून डावा कान आधी उतरतो. चांदमारीत माणसं शेजारी शेजारी झोपून गोळ्या झाडतात. ब्रेकचा वायू बाजूलाच जातो, तेव्हा शेजाऱ्याच्या गोळीचा मार कधी कधी स्वतःच्या गोळीहून जास्त बसतो.

हे नुसतं कानावर थांबत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सैनिकांच्या मेंदूवर होणाऱ्या स्फोटदाबासाठी प्रति चौरस इंच ४ पौंड ही रेष आखली आणि जास्त धोक्याच्या शस्त्रांमध्ये .५० कॅलिबरची शस्त्रं, तोफा आणि खांद्यावरून डागायची अस्त्रं धरली. डेसिबलमध्ये ही रेष १८२ च्या पुढे पडते. साधी रायफल तिथपर्यंत जात नाही. मोठ्या काडतुसाला मोठा ब्रेक लावला की माणूस त्या दिशेने सरकू लागतो.

सप्रेसर, ज्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, तो याच जमाखर्चात दोन्ही खाती हलकी करू पाहतो. १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या वडिलांनी मॅक्सिम मशीनगन बनवली होती. ब्रेक वायूला वळवून लगेच सोडतो, सप्रेसर त्याला कप्प्याकप्प्यांत कोंडून, पसरवून, थंड करून हळू सोडतो. १३ मिलिलिटरमधला वायू बाहेर पडण्याआधी त्याच्या कितीतरी पट जागेत पसरतो. आवाज २५ ते ३५ डेसिबल खाली येतो आणि धक्काही थोडा कमी होतो. सिनेमात दाखवतात तशी ‘फुस्स’ मात्र होत नाही. ९०० मीटरच्या वेगाने जाणारी गोळी आवाजाच्या अडीचपट वेगाने हवा फाडते, आणि तो कडाका वाटभर तिच्यासोबत जातो.

कानात फोमचा बोळा नीट पिळून, कानाची पाळी वर ओढून, खोलवर बसवला तर २५ ते ३० डेसिबल कमी होतात. २५ म्हणजे दाब अठराव्या हिश्शावर. नुसता वरवर खोचला तर त्यातला मोठा भाग फुकट जातो. त्यावर इअरमफ चढवला तर आणखी पाच ते दहाच मिळतात, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो. १६० मधून ३० आणि वर पाच-सात गेले की पोरगा १२५ च्या आसपास येतो, रेषेच्या बराच आत. म्हणून चांदमारीच्या दिवशी दस्ता कसा रोवायचा हे सांगण्याआधी उस्तादाने प्रत्येकाच्या कानातला बोळा स्वतः तपासावा. आणि रांगेत ज्याच्या शेजारी ब्रेक लावलेली रायफल आहे त्याच्या कानांवर दोन्ही असावेत, बोळाही आणि मफही.